छोटा कॅमेरा, बाजूला फ्लॅश: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी बसवलेला असतो. उजेड जिकडून जातो तिकडूनच परत येतो, म्हणून चेहरा सपाट दिसतो, डोळे लाल येतात आणि मागच्या भिंतीवर सावलीची काळी कड उमटते. फ्लॅशची ताकद वाढवून यातलं काहीच सुटत नाही. फ्लॅश लेन्सपासून दूर, बाजूला नेला की सुटतं.

हे काम मोठ्या कॅमेऱ्याचंच, असा समज आहे. तो बरोबर नाही. छोट्या कॅमेऱ्यात खरी अडचण एकच असते, प्री-फ्लॅशची, म्हणजे खऱ्या फ्लॅशच्या आधी मोजमापासाठी होणाऱ्या चमकेची. ती एकदा सोडवली की उलट दोन गोष्टी फुकटात मिळतात: उन्हातही वेगळ्या खर्चाशिवाय वेगवान शटरवर चालणारा फ्लॅश, आणि लहान सेन्सरमुळे कमी ताकदीत भागणारा उजेड. दोन्ही पुढे येतील.

आधी कॅमेरा बघा

वरच्या बाजूला फ्लॅश सरकवायची धातूची खाच, म्हणजे हॉट शू, आहे का? कॅनन पॉवरशॉट जी१२, जी१५, जी१६, पॅनासोनिक एलएक्स५, एलएक्स७, एलएक्स१००, फुजीफिल्म एक्स१०, एक्स२० आणि एक्स१०० मालिका, रिको जीआर, या सगळ्यांवर ती आहे. असेल तर रेडिओ ट्रिगर, म्हणजे बिनतारी इशारा देणारी डबी, लावा, प्री-फ्लॅशची भानगडच उरत नाही.

हॉट शू नाही, पण डायलवर ‘एम’ (मॅन्युअल: शटर आणि अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, आपणच ठरवायचं) आहे, असे कॅमेरे बरेच लोक वापरतात: कॅनन एस९५, एस१००, सोनीचा पहिला आरएक्स१०० वगैरे. इथे कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश बाहेरच्या फ्लॅशला इशारा देतो. हा लेख मुख्यतः यांच्यासाठी.

‘एम’ मोडही नसेल, तरी प्रयोग करता येतात. फक्त कॅमेरा स्वतःच एक्सपोजर ठरवत राहील आणि प्रत्येक फोटो वेगळा येईल. निदान आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) एका जागी बांधता येतो का आणि फ्लॅश ‘ऑटो’वरून ‘सक्तीने चालू’वर नेता येतो का, एवढं मेन्यूत शोधा.

सामान

एक मॅन्युअल फ्लॅश. गोडॉक्स टीटी६००, योंगनुओ वायएन५६० किंवा यांच्या बरोबरीचा कोणताही चालेल. टीटीएलचे (कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवण्याच्या सोयीचे) जास्तीचे पैसे देऊ नका, इशारा उजेडाने द्यायचा असेल तर टीटीएलचा उपयोग शून्य. विकत घेताना दोन गोष्टी तपासा: एस१ आणि एस२ असे दोन स्लेव्ह मोड (दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून आपोआप उडण्याचे) आहेत का, आणि ताकद पूर्ण ताकदीच्या १/६४ किंवा १/१२८ पर्यंत खाली येते का. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात घेत असाल तर कॅमेरा सोबत न्या आणि काउंटरवरच दोन्ही मोड उडवून बघा.

सात फुटी लाइट स्टँड, छत्री आणि फ्लॅश दोन्ही धरणारं ब्रॅकेट, ३३ किंवा ४३ इंची पांढरी आरपार छत्री. चार चार्जेबल निकेल-मेटल सेलचे दोन संच. घड्याळात घालायचे साधे पेन्सिल सेल यात घालू नका, फ्लॅश पुन्हा तयार व्हायला इतका वेळ लागतो की समोरचा माणूस कंटाळून उठतो. याशिवाय ट्रेसिंग पेपर, पांढरी आणि काळी कार्डशीट, रबरबँड, चिकटपट्टी. हे कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

घरात फिल्मच्या जमान्यातला जुना फ्लॅश पडलेला असेल, तर तो थेट हॉट शूवर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पिनवर शंभर-दोनशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट तेवढं सोसत नाही. सेल घालून, तयार असल्याचा दिवा लागल्यावर, खालची मधली पिन आणि बाजूची धातूची पट्टी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. आकडा सहा व्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. जास्त आला तर कॅमेऱ्यापासून लांबच ठेवा. बाजारात शेंगदाण्याएवढा ऑप्टिकल स्लेव्ह मिळतो, त्यावर तो वापरता येतो, कारण मग कॅमेऱ्याशी तारेचा संबंधच राहत नाही. पण फ्लॅश उघडून आत हात घालू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असू शकतात.

प्री-फ्लॅश: इथेच बहुतेक जण अडकतात

ऑटो फ्लॅश असलेला कॅमेरा एका फोटोसाठी दोनदा चमकतो. पहिली चमक मोजमापासाठी: किती उजेड परत आला हे पाहून कॅमेरा खऱ्या फ्लॅशची ताकद ठरवतो. दुसरी चमक शटर उघडं असताना. दोन्हींमधलं अंतर इतकं कमी की डोळ्याला एकच दिसते.

बाहेरचा फ्लॅश एस१ वर असेल, तर तो पहिल्याच चमकेला उडतो. शटर तेव्हा उघडलेलंच नसतं. खोलीत लखकन उजेड पडलेला तुम्ही पाहता आणि फोटोत मात्र त्याचा मागमूस नसतो. ‘फ्लॅश तर उडाला, मग फोटोत का नाही?’ याचं उत्तर दहापैकी नऊ वेळा हेच असतं. भरीला, मोजमापाच्या वेळी बाहेरच्या फ्लॅशचा उजेडही मिसळल्यामुळे कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो आणि फोटो आणखी काळा येतो.

यावर उपाय असे, याच क्रमाने करून बघा.

१. मेन्यूत जाऊन रेड-आय रिडक्शन बंद करा. ते चालू असेल तर काही कॅमेरे दोनाऐवजी तीन किंवा जास्त वेळा चमकतात आणि पुढची सगळी गणितं बिघडतात.

२. कॅमेऱ्याच्या फ्लॅशला मॅन्युअल ताकद देता येते का बघा. कॅनन जी१२ आणि एस९५ सारख्या कॅमेऱ्यांत ‘एम’ मोडमध्ये फ्लॅशच्या किमान, मध्यम आणि कमाल अशा तीन पायऱ्या मिळतात, आणि तेव्हा प्री-फ्लॅश होतच नाही. किमान निवडा, बाहेरचा फ्लॅश एस१ वर ठेवा. यापेक्षा खात्रीची जोडी नाही.

३. तशी सोय नसेल, तर बाहेरचा फ्लॅश एस२ वर टाका. एस२ पहिली चमक सोडून देतो आणि दुसरीला उडतो. सोनी आरएक्स१०० साठी हाच मार्ग. कॅमेऱ्यात फ्लॅश कॉम्पेन्सेशन असेल तर ते उणे दोनवर न्या, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा उजेड फोटोत कमीत कमी येईल.

४. खात्री करा. बाहेरचा फ्लॅश १/१२८ वर ठेवून त्याचं तोंड थेट लेन्सकडे करा आणि फोटो काढा. फ्लॅशची काच फोटोत पेटलेली दिसली तर जुळलं. विझलेली दिसली तर वेळ चुकतेय, मोड बदला.

आता कॅमेऱ्याचा तो सपाट उजेड फोटोतून हाकलायचा. आरएक्स१०० चा उघडणारा फ्लॅश बोटाने हलकेच मागे दाबून छताकडे वळवता येतो. इशारा छतावरून परत येऊन पोचतो, चेहऱ्यावर काही पडत नाही. इतर कॅमेऱ्यांवर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवलेला व्हिजिटिंग कार्डाएवढा तुकडा फ्लॅशसमोर तिरका लावा, चमक ज्या बाजूला बाहेरचा फ्लॅश आहे त्या बाजूला वळवा. कार्ड लेन्सच्या चौकटीत घुसत नाही ना, तेवढं बघा. जुन्या रंगीत फिल्मच्या सुरुवातीचा, धुतल्यावर पूर्ण काळा झालेला तुकडा मिळाला तर त्याचे दोन थर फ्लॅशवर चिकटवा. दिसणारा उजेड त्यात अडतो, अवरक्त किरण पार होतात, आणि स्लेव्हच्या सेन्सरला तेवढे पुरतात.

सेन्सर कुठे आहे हे विसरू नका. बहुतेक फ्लॅशवर तो पुढच्या लाल काचेमागे असतो. फ्लॅशचं बूड असं ठेवा की लाल काच कॅमेऱ्याकडे बघेल, आणि मान वळवून उजेडाचं तोंड विषयाकडे करा. खोलीत भिंतींवरून उजेड फिरतो म्हणून थोडं चुकलं तरी चालतं. बाहेर मोकळ्यावर लाल काच आणि कॅमेरा एकमेकांना दिसलेच पाहिजेत, आणि भर उन्हात तर दोन-तीन मीटरपलीकडे भरवसा धरू नका.

लग्नात हा प्रकार वापरूच नका. ठरवलेल्या फोटोग्राफरच्या प्रत्येक क्लिकला तुमचा फ्लॅश उडेल, त्याचे फोटो बिघडतील आणि तुमचे सेल जातील.

हॉट शू असेल तर

मधल्या एकाच पिनवर चालणारा रेडिओ ट्रिगर कॅमेऱ्यावर, रिसीव्हर फ्लॅशखाली. टीटी६०० मध्ये गोडॉक्सचा रिसीव्हर आतच असतो. दोन्हीकडे चॅनल आणि ग्रुप एकच ठेवा, फ्लॅश ‘एम’वर, संपलं. दोनच गोष्टींनी लोक हैराण होतात. एक, सायलेंट मोड किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर कॅमेरा फ्लॅशला आदेशच देत नाही. दोन, स्क्रीन काळी दिसते, कारण कॅमेरा फ्लॅशविना फोटो कसा येईल ते दाखवत असतो. मेन्यूतला एक्सपोजर प्रीव्ह्यू बंद केला की दिसायला लागतं.

पहिला सराव: एक संत्रं

माणसावर शिकू नका. माणूस हलतो, कंटाळतो आणि ‘झालं का?’ विचारतो. नागपुरात संत्र्याला तोटा नाही, आणि उजेडाची दिशा ओळखायला संत्र्याइतकी सोयीची वस्तू शोधून सापडायची नाही: गोल आहे, आणि सालीवर बारीक खळगे आहेत.

संध्याकाळी खिडकी बंद करून टेबलावर संत्रं ठेवा, मागे काळी कार्डशीट. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर. झूम मधोमध ठेवा, कारण अगदी वाइडवर जवळ गेलात तर लेन्सची नळीच उजेड अडवते. ‘एम’ मोड, आयएसओ १००, शटर १/२५०, अपर्चर एफ/५.६, व्हाइट बॅलन्स ‘फ्लॅश’वर. रॉ फाइल मिळत असेल तर घ्या.

पहिला फोटो बाहेरचा फ्लॅश बंद ठेवून. तो काळा यायला हवा. खोलीतला बल्ब दिसत असेल तर शटर १/५०० करा. कॅमेऱ्याचा फ्लॅश संत्र्यावर दिसत असेल तर फॉइलचं कार्ड नीट करा. फ्रेम काळी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर नंतर कोणता उजेड कुठून आला ते कळणार नाही.

आता फ्लॅश अर्ध्या मीटरवर, संत्र्याच्या उंचीला, फ्लॅशचा झूम ३५ मिलिमीटर, ताकद १/१२८. आधी लेन्सच्या जवळून मारा: संत्रं नारिंगी चकतीसारखं येईल, खळगे जवळजवळ गायब. मग ४५ अंशांवर. मग बरोबर ९० अंशांवर, डावीकडून. आता प्रत्येक खळग्याच्या एका काठावर ठिणगीएवढा उजेड आणि दुसऱ्या काठावर टाचणीच्या टोकाएवढी सावली दिसेल, उजवा अर्धा भाग काळोखात जाईल. उजवीकडे, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, पांढरी कार्डशीट उभी करा. काळोख उचलला जातो. कार्ड चार बोटं मागे सरकवलं की परत गडद होतो. शेवटी फ्लॅश मागच्या बाजूला, किंचित वरून: नुसती कड पेटते. लेन्सवर थेट उजेड जाऊ नये म्हणून मध्ये काळं कार्ड धरा.

नंतर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदीबैल घ्या, ऑइल पेंट लावलेला. तो वेगळंच शिकवतो. चकचकीत रंगावर उघडा फ्लॅश पांढरा ठिपका होऊन बसतो. ताकद कमी करून तो जात नाही, कारण ठिपका म्हणजे फ्लॅशचंच प्रतिबिंब. उजेडाचा उगम मोठा करावा लागतो: बैल आणि फ्लॅशच्या मधे, बैलाच्या जवळ, ए३ आकाराचा ट्रेसिंग पेपर ताणून धरा आणि फ्लॅश त्याच्या मागे हातभर. ठिपक्याची जागा मऊ, रुंद चमक घेते आणि बैलाच्या वशिंडाची गोलाई कळायला लागते. कागद साधारण दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणून ताकद १/१२८ वरून १/३२ वर न्या. फ्लॅश कागदाला अगदी चिकटवलात तर कागद असून नसल्यासारखा, कारण मधला छोटासा भागच उजळतो.

ताकदीचं गणित

फ्लॅशच्या डब्यावर ५८ किंवा ६० असा गाइड नंबर छापलेला असतो. तो झूम पूर्ण लांब केल्यावरचा आहे. ३५ मिलिमीटर झूमला कामचलाऊ आकडा ३२ धरा. त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की आयएसओ १०० चं अपर्चर मिळतं: २ मीटरवर पूर्ण ताकदीला एफ/१६. आरपार छत्री लावली की दोन स्टॉप गेले, म्हणजे एफ/८. मग १/२ ताकदीला एफ/५.६, १/४ ला एफ/४, १/८ ला एफ/२.८. अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट. हा अंदाज आहे, पहिल्या फोटोपुरता. पुढे स्क्रीनवरचा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा.

छोट्या सेन्सरचा फायदा इथे दिसतो. एक इंची सेन्सरवर एफ/४ ला जेवढा भाग शार्प येतो, तेवढ्यासाठी फुल-फ्रेम कॅमेऱ्याला एफ/११ लागतं. म्हणजे त्याच आयएसओला तुम्हाला फ्लॅशची ताकद तीन स्टॉप कमी पुरते, सेल जास्त टिकतात आणि फ्लॅश पटापट तयार होतो. एफ/८ च्या पुढे मात्र जाऊ नका. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये ते नसतंच, आणि असलं तरी फोटो मऊ पडतो.

घरात माणसाचा फोटो

माणूस भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे बसवा, म्हणजे सावली भिंतीवर न पडता खाली जाते. छत्री ४५ अंश बाजूला, छत्रीचा मध्य डोळ्यांच्या पातळीपेक्षा हातभर वर, चेहऱ्यापासून एक-सव्वा मीटर. लेन्स थोडी झूम करा, वाइडवर नाक मोठं येतं. एफ/४, १/२५०, ताकद १/१६ पासून सुरू करा. नाकाची सावली ओठांच्या कोपऱ्याकडे झुकली पाहिजे. आडवी गालावर पसरली असेल तर छत्री खाली आहे किंवा फार बाजूला गेली आहे. चष्मा असेल तर छत्री आणखी वर न्या आणि हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

उन्हाळ्यात कूलर बंद करायला विसरू नका. कूलरच्या झोतात छत्री पहिल्या फटक्यात आडवी होते आणि फ्लॅशची मान तिथेच तुटते. स्टँडच्या पायाला दोन लिटरची पाण्याची बाटली टांगलेली बरी.

मागे पिवळे बल्ब पेटलेले हवे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावा, व्हाइट बॅलन्स बल्बच्या खुणेवर न्या, आणि शटर १/३० च्या आसपास खाली आणा. बल्बचा उजेड शटरने वाढतो, फ्लॅशचा नाही.

उन्हात

मोठ्या कॅमेऱ्यांतलं पडदा-शटर साधारण १/२०० ते १/२५० च्या पुढे फ्लॅशशी जुळत नाही, फोटोत काळा पट्टा येतो. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये लेन्सच्या आतच लीफ शटर (पाकळ्यांसारखं मधून उघडणारं) असतं, ते १/१००० किंवा त्याहूनही वर फ्लॅशबरोबर चालतं. नागपूरच्या स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला एफ/५.६ आणि १/८०० हे सरळ एक्सपोजर. फुटाळा तलावावर मावळता सूर्य माणसाच्या पाठीमागे घ्या, आकाश नीट येईल इतकं शटर वाढवा, आणि चेहऱ्यासाठी फ्लॅश एका मीटरवर आणा. इथे छत्री नको, तलावावर वारा असतो. मित्राच्या हातात फ्लॅश द्या.

लीफ शटरची मर्यादा फोटोत पट्टा होऊन दिसत नाही, म्हणून ती लक्षात येत नाही. पूर्ण ताकदीचा फ्लॅश साधारण १/२०० ते १/३०० सेकंद पेटलेला असतो. शटर १/१६०० वर असेल तर त्यातला तुकडाच आत येतो आणि चेहरा नुसता अंधारतो. तुम्ही ताकद वाढवत जाता आणि फरक पडत नाही. म्हणून वेगवान शटरला १/४ किंवा त्याहून कमी ताकद ठेवा आणि फ्लॅश जवळ न्या, कमी ताकदीला चमक छोटी असते. तुमच्या कॅमेऱ्याची हद्द घरातच काढून ठेवा: अंधाऱ्या खोलीत फ्लॅश १/१६ वर, बाकी सगळं स्थिर, शटर १/२५०, १/५००, १/१०००, १/२०००. ज्या फोटोत फ्लॅशचा उजेड घसरला, त्याच्या आधीचा आकडा तुमचा. जी१६ किंवा एक्स१०० सारख्या कॅमेऱ्यांत एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) आतच असतो. अपर्चर उघडं हवं असेल तर शटर पळवण्यापेक्षा तो चालू करा.

अडलं तर

एक फोटो उजळ, दुसरा काळा: फ्लॅश तयार होण्याआधी क्लिक होतंय किंवा सेल थकलेत. चारही सेल एकाच संचातले हवेत.

एस२ वर कधी उडतो, कधी नाही: रेड-आय परत चालू झालंय, किंवा कॅमेरा पॉवर-सेव्हिंगमधून उठल्यावर ऑटोवर गेलाय.

कॅमेऱ्याचा फ्लॅशच उडत नाही: बर्स्ट, एचडीआर, पॅनोरामा किंवा ब्रॅकेटिंग चालू आहे. अशा मोडमध्ये तो सहसा बंदच असतो.

अंधारात फोकस लागत नाही: कॅमेऱ्याचा फोकस दिवा बोटाने झाकला जातोय का बघा, नाहीतर मोबाइलची टॉर्च पाडून फोकस घ्या, मग विझवा.

फ्लॅश मधेच थांबला: तापलाय. पूर्ण ताकदीचे लागोपाठ वीस-तीस फ्लॅश झाले की दहा मिनिटं विसावा द्या. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, ही हद्द आणखी लवकर येते. उन्हात लावलेल्या गाडीत फ्लॅश ठेवू नका, आणि महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून वेगळ्या डबीत ठेवा. गळालेला सेल कप्प्यातल्या स्प्रिंगा खातो, आणि त्या स्प्रिंगा सुट्या मिळायला फार खटपट करावी लागते.